चष्म्याचें गणित

चष्मा म्हणजे दोन काचा आणि त्यांस नाकावर पेलून धरणारी एक फ्रेम, एवढीच कल्पना आपणांपैकीं बहुतेकांची असते. नेत्रवैद्यानें नंबर लिहून द्यावा, दुकानदारानें त्या नंबराच्या काचा बसवाव्या, कीं कार्य आटोपलें! परंतु नंबर अचूक असूनहि चष्मा सदोष असूं शकतो, आणि तो दोष शोधण्यास शाळेंत शिकलेलें गणित पुरतें, ही गोष्ट आम्ही गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्याच्या निमित्तानें शिकलों. तीच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा विद्यार्थी आमच्या इंदिरानगरांतच राहणारा. नवा चष्मा घेतल्यापासून तिसऱ्या तासास त्याचें कपाळ दुखूं लागे, आणि फळ्याकडे पाहतां पाहतां तो मान खालीं घाली. आम्हीं त्यास दोन वेळां आळशी म्हटलें. नंबर पुन्हां तपासविला, तो बरोबर ठरला. तेव्हां तर आमचा संशय अधिकच दृढ झाला. अखेर एके दिवशीं विज्ञानाच्या तासास भिंगांचा पाठ चालला असतां त्याचाच चष्मा मोजण्यास घेतला, आणि सारा दोष आठ मिलिमीटरांचा आहे असें उघड झालें. तो कसा, हें समजण्यासाठीं प्रथम नंबराचा अर्थ पाहूं.

भिंगाचें केंद्रांतर मीटरांत मोजून त्यानें एकास भागिलें असतां जी संख्या येते ती त्या भिंगाची शक्ति. या मापास डायॉप्टर हें नांव फर्डिनंड मोनोयर या फ्रेंच नेत्रवैद्यानें १८७२ सालीं सुचविलें. बहिर्गोल भिंगाची शक्ति धन व अंतर्गोल भिंगाची ऋण मानितात. आमच्या विद्यार्थ्याचा नंबर उणे ५ होता; म्हणजे केंद्रांतर १ ÷ ५ = ०.२० मीटर, अर्थात् २० सेंटिमीटर. चष्म्यावांचून त्यास सुमारें २० सेंटिमीटरांपलीकडचें स्पष्ट दिसत नाहीं, हाच या आंकड्याचा अर्थ.

प्रत्येक भिंगांत एक बिंदु असा असतो कीं, तेथून जाणारा किरण मुळींच वळत नाहीं. त्यास प्रकाशीय मध्य म्हणतात. इतर ठिकाणीं भिंग लोलकासारखें वागतें व किरणास वळवितें. हा मध्य शोधण्याची रीति सोपी आहे. कागदावर एकमेकींस काटकोनांत छेदणाऱ्या दोन रेघा काढाव्या. काच त्यांवर थोडी उंच धरून अशी सरकवावी कीं, काचेंतून दिसणाऱ्या रेघा बाहेरच्या रेघांशीं न तुटतां जुळतील. जेथें छेदनबिंदु दिसेल तेथें शाईचा ठिपका द्यावा. दोन्ही काचांवरील ठिपक्यांमधील अंतर हें दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतराइतकें असावयास पाहिजे. दुकानांतून या दुसऱ्या अंतरास ‘पीडी’ म्हणतात.

आमच्या विद्यार्थ्याच्या फ्रेमच्या दांडीवर ५० व १८ हे आंकडे होते. पहिला काचेच्या रुंदीचा, दुसरा नाकावरील पुलाचा, दोन्ही मिलिमीटरांत. काचा फ्रेमच्या बरोबर मधोमध बसविलेल्या असल्यामुळें ठिपक्यांमधील अंतर ५० + १८ = ६८ भरलें. मुलाच्या बाहुल्यांमधील अंतर मात्र ६०. फरक ८ मिलिमीटर. प्रत्येक डोळ्याच्या वांट्यास ४.

आतां अमेरिकन चष्मेतज्ज्ञ चार्ल्स प्रेंटिस याच्या नांवानें प्रसिद्ध असलेला नियम लावूं. मध्य जितके सेंटिमीटर सरकला असेल त्यास नंबरानें गुणिलें असतां लोलकाची शक्ति मिळते. ०.४ × ५ = २; दोन्ही डोळे मिळून ४. या मापाचा एक अंश म्हणजे एक मीटर अंतरावर किरण एक सेंटिमीटर ढळणें. मुलगा काचांच्या नाकाकडील भागांतून पाहत होता. अंतर्गोल काच कडेस जाड असते, म्हणून लोलकाचा पाया नाकाकडे येई. परिणामीं दूरचा फळा पाहतांना त्याच्या डोळ्यांस समांतर स्थितीच्याहि पलीकडे, बाहेर वळावें लागे. आपले डोळे आंत सहज वळतात, बाहेर वळण्याची त्यांची शक्ति अत्यल्प. ज्यास आम्ही आळस समजलों तो असा श्रम होता!

उपायहि गणितानेंच सांपडला. ४४ व १६ मापाची लहान फ्रेम निवडली; ४४ + १६ = ६०. त्याच काचा घासून तींत मधोमध बसल्या, नव्या घ्याव्या लागल्या नाहींत. शिवाय कडेची जाडीहि घटली. काचेचा वक्रीभवनांक १.५ धरला तर, मध्यापासून कडेपर्यंतच्या मिलिमीटरांचा वर्ग करून नंबरानें गुणावा व १००० नें भागावें. मध्यापेक्षां कड तितके मिलिमीटर अधिक जाड असते. मोठ्या फ्रेममध्यें मध्य योग्य जागीं आणला असता तर बाहेरची बाजू २९ मिलिमीटर पडून हें उत्तर सुमारें ४.२ आलें असतें. लहान फ्रेममध्यें २२ पडून २.४ आलें. मोठ्या नंबरास लहान फ्रेम कां शोभते, याचें हें कारण.

घरांतील वडील माणसांच्या चाळिशीचेंहि असेंच गणित आहे. ४० सेंटिमीटरांवर वाचण्यास १ ÷ ०.४० = २.५ डायॉप्टर शक्ति लागते. डोळ्याची स्वतःची २ उरली असेल, तर तींतील निम्मी राखून १ खर्चावी; उरलेली १.५ चष्म्यानें पुरवावी. दूरचा नंबर उणे २ असलेल्या गृहस्थास वाचनासाठीं उणे २ अधिक १.५, म्हणजे उणे अर्धाच पुरतो. म्हणून असे लोक चष्मा कपाळावर चढवून वर्तमानपत्र वाचतात.

नवा चष्मा घ्याल तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, दुकानदारास नम्रपणें विचारा: माझें पीडी किती, फ्रेमचें माप किती, आणि काचांचे मध्य कोठें येतील? चांगला कारागीर या प्रश्नांनीं रागावत नाहीं, उलट संतोषतो. आणि वर्गांत एखादा सोबती मान खालीं घालून बसलेला दिसला, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वीं मिलिमीटरांची पट्टी हातीं घ्या. आम्हीं ती फार उशिरां घेतली, याचें आम्हांस अद्याप वाईट वाटतें.