उमेदवाराबद्दल जुन्या सहकाऱ्यांना विचारताना

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात शिफ्ट सुपरवायझर घ्यायचा असेल, तर अनुभवाच्या दाखल्यावर फार विसंबता येत नाही. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केलं, वर्तणूक चांगली. बहुतेक दाखल्यांचा मजकूर हाच. फोन केला तर एचआर तारखा आणि हुद्दा सांगून मोकळा होतो. माणूस खरा कसा आहे हे त्याच्याबरोबर रात्रपाळ्या काढलेल्यांना ठाऊक असतं. पण उद्या त्याच्याच हाताखाली काम करायची वेळ येऊ शकते, म्हणून ते नावानिशी बोलायला कचरतात. त्यांना नाव न देता बोलू द्यावं, मात्र उमेदवारावर अन्याय होणार नाही याची काळजी आपण घ्यावी.

सुरुवात उमेदवाराच्या लेखी संमतीने करा. शेवटची मुलाखत झाल्यावर, ऑफर देण्याआधी, त्याला सांगा की जुन्या सहकाऱ्यांना आम्ही काय विचारणार आणि ती माहिती किती दिवस ठेवणार. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पाहता हा कागद फाइलला असलेलाच बरा. सध्याच्या कंपनीत मात्र एकालाही विचारू नका. त्याने अजून राजीनामा दिलेला नसतो. तुमच्या एका फोनने त्याची हातची नोकरी जाऊ शकते.

मग नावं मागा. कोणत्या प्रकारची, ते तुम्ही ठरवा: दोन वरिष्ठ, तीन बरोबरीचे, तीन हाताखालचे ऑपरेटर, शिवाय क्वालिटी, स्टोअर किंवा मेंटेनन्समधले तीन-चार. गरजेपेक्षा जास्त नावं घ्या आणि त्यातल्या कोणाला विचारलं ते उमेदवाराला सांगू नका. ऑपरेटरांना वगळू नका. सुपरवायझरची खरी पारख त्यांच्याकडेच असते आणि नेमकं त्यांनाच कोणी विचारत नाही.

सगळं यश प्रश्नांवर आहे. ‘माणूस कसा आहे?’ विचारलं की ‘चांगला आहे’ एवढंच उत्तर येतं. मत विचारू नका, डोळ्यांनी पाहिलेलं विचारा. लाइन बंद पडली तेव्हा त्याने पहिल्यांदा काय केलं? रिजेक्शन वाढलं तेव्हा वर काय कळवलं? नवा हेल्पर चुकला तर तो कसा बोलायचा? पाळी बदलताना पुढच्याला काय सांगून जायचा? शेवटी एकच थेट प्रश्न: पुन्हा त्याच्याबरोबर काम कराल का, आणि का? ‘डाय तुटली त्या रात्री तो पाळी संपल्यावरही थांबला, आणि सकाळी साहेबांसमोर ऑपरेटरवर ढकललं नाही’ असं एक वाक्य दहा ‘उत्तम’ शेऱ्यांपेक्षा जास्त कामाचं. फॉर्म मोबाइलवर भरता येईल असा, मराठी आणि हिंदी दोन्हींत ठेवा. पाच-सहा प्रश्न पुरेत.

नाव लपवायचं तर ते तुमच्यापासूनही लपलं पाहिजे. गूगल फॉर्म वापरत असाल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद करा आणि सगळ्यांना एकच लिंक द्या. एकच माणूस दोनदा भरू शकतो हा धोका त्यात राहतो, म्हणून अगदी सारख्या शब्दांतली उत्तरं आली तर ती एकच धरा. किमान पाच उत्तरं येईपर्यंत एकही वाचू नका. कोणी व्हॉट्सॲपवरच लिहून पाठवलं, तर त्याला फॉर्म भरायला सांगा आणि तो मेसेज पुढे ढकलू नका. उत्तरं वाचणारा माणूस भरतीचा निर्णय घेणाऱ्यापेक्षा वेगळा असावा. ज्या वाक्यावरून लिहिणारा ओळखू येईल, ते त्याने आपल्या शब्दांत मांडावं.

आता छाननी. जात, धर्म, गाव, लग्न, युनियन यांबद्दलचं काहीही लगेच काढून टाका. ‘युनियनमध्ये होता’ हा दोष नव्हे. एकाच माणसाने केलेली तक्रार ही फक्त चौकशीची खूण समजा. दोन-तीन जण वेगवेगळ्या प्रसंगांतून तीच गोष्ट सांगत असतील तर तिला वजन द्या. चोरी किंवा छळ असा गंभीर आरोप निनावी कागदावरून खरा मानू नका, आणि चार लोकांत बोलून तर मुळीच दाखवू नका. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली गुन्हा आहे.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत जरुरीची तीच आहे. जे खटकलं ते उमेदवारासमोर ठेवा, कोणी सांगितलं ते न सांगता: ‘पाळी बदलताना माहिती पूर्ण दिली जात नाही, असं ऐकलं. तुमचं काय म्हणणं?’ कधी त्या खात्यात माणसंच कमी होती असं निघतं. त्याने सांगितलेलं त्याच्या नोंदीत लिहा, मगच निर्णय घ्या.

निवड होवो वा न होवो, संमतीपत्रात लिहिलेली मुदत संपली की फॉर्म, उत्तरं आणि सहकाऱ्यांच्या नावांची यादी पुसून टाका.