वाकडा टाका, सरळ मन



आपण शेतात राबतो, घरात राबतो. ते काम पोटासाठी आहे. ते चोख झालेच पाहिजे. पण दिवसभराच्या कामातून घटकाभर वेळ उरतो. त्या वेळी हाताने काहीतरी करीत बसावे असे पुष्कळांना वाटते. कुणाला गोधडी शिवावीशी वाटते. कुणाला बैलाचे गोंडे करावेसे वाटतात. कुणाला दारात रांगोळी काढावीशी वाटते. याला छंद म्हणतात.

पण मनात लगेच दुसरा विचार येतो. "मला नीट जमणार नाही. लोक हसतील." मग हात मागे येतो आणि छंद मनातच राहतो.

आज आपण याच गोष्टीचा विचार करू.

१. रांगोळी काय शिकवते?

बाई पहाटे उठते. अंगण झाडते, सडा घालते. मग चिमटीत रांगोळी घेऊन ठिपके मांडते आणि रेघा जोडते. दारात कमळ उमलते.

ऊन वर येते. पोरे पळत जातात. कोंबड्या फिरतात. वारा सुटतो. दुपारपर्यंत कमळ पुसून जाते. बाई रडत बसते काय? नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सडा घालते आणि पुन्हा रांगोळी काढते.

रांगोळी टिकत नाही, हे तिला ठाऊक असते. तरी ती काढते. कारण काढताना मन रमते. पहाटेची ती घटका तिची स्वतःची असते. एखादी रेघ वाकडी गेली, तरी ती घटका वाया जात नाही.

पोळ्याला किंवा बेंदराला आपण मातीचे बैल करतो. कुणाच्या बैलाचे एक शिंग आखूड होते. कुणाचा बैल गाढवासारखा दिसतो. तरी आपण त्याला पाटावर बसवतो आणि हळदकुंकू वाहतो. शिंग आखूड आहे म्हणून कुणी बैल पाटावरून उतरवीत नाही.

शाळेत मी एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहिली. पहिलीतल्या मुलाला माती द्या. तो लगेच बैल करायला बसतो. "मला येत नाही" असे तो म्हणत नाही. तेच मूल सातवीत गेले की म्हणते, "गुरुजी, मला नाही येत." हात तेच, मातीही तीच. मधल्या काळात मनात हसण्याची भीती शिरलेली असते.

२. गोधडी

गोधडी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. कुठे तिला वाकळ म्हणतात. जुने लुगडे, फाटके धोतर, मुलांचे आखूड झालेले कपडे, या सर्वांची मिळून ती होते. नवे काही विकत घ्यावे लागत नाही. सुई आणि दोरा पुरे.

गोधडी उबदार का असते? कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून राहते. ही अडकलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. टाक्यांच्या ओळी थरांना धरून ठेवतात. म्हणून आतले कापड एका बाजूला गोळा होत नाही.

आता विचार करा. टाका थोडा वाकडा गेला तर ऊब कमी होईल काय? होणार नाही. थर धरून ठेवले की टाक्याचे काम झाले. थंडीला सरळ टाका आणि वाकडा टाका यांतला फरक कळत नाही.

गोधडी केवळ आपल्याकडेच होते असे नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर शिवून कांथा करतात. पूर्वी तिथल्या बाया साडीच्या काठातले रंगीत दोरे काढून घेत आणि त्याच दोऱ्यांनी टाके घालीत. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बायाही जुन्या कापडांची गोधडी शिवतात. तिला ते कवंदी म्हणतात. तिच्या कोपऱ्यांवर त्या कापडाची लहान फुले बसवतात. फुलांवाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. ऊब तर फुलांवाचूनही मिळाली असती. पण शिवणारीला हौस असते.

जुने कांथे आज अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातल्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. ज्या बायांनी ते शिवले, त्यांनी ते आपल्या घरच्या माणसांसाठी शिवले होते.

३. आजीची सुई

एका घरात एक आजी होत्या. वय झाले होते. डोळ्यांनी कमी दिसे. हात थरथरत. तरी जेवणे झाली की त्या ओसरीवर गोधडी घेऊन बसत. टाके वाकडे पडत. एक टाका लांब, एक आखूड.

एक दिवस सून म्हणाली, "आत्याबाई, कशाला डोळे फोडता? बाजारात रग मिळतो. चांगला मऊ असतो. हे राहू द्या आता."

सून वाईट नव्हती. सासूला आराम मिळावा म्हणूनच ती बोलली. तिने रग आणला. आजींनी सुई डबीत ठेवली.

त्यानंतर आजी दिवसभर आढ्याकडे पाहत पडून राहू लागल्या. जेवण कमी झाले. बोलणे कमी झाले. घरच्यांना वाटले, आजी आजारी आहेत. औषध आणले. औषधाने काही फरक पडेना.

शेवटी मुलाने जवळ बसून विचारले, "आई, तुला काय हवं? रग टोचतो का? दुसरा आणू?"

आजी म्हणाल्या, "रग चांगला आहे रे बाळा. मला गोधडी नको. मला शिवायला हवं."

सुनेने हे ऐकले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने चिंध्यांचे गाठोडे सोडले. जुने मऊ कापड निवडून धुतले, वाळवले आणि आजींच्या पुढे ठेवले. म्हणाली, "आत्याबाई, बाळाला दुपटं हवंय. सुईत दोरा मी ओवून देते. टाके तुम्ही घाला."

आजी उठून बसल्या. दुपटे व्हायला दोन महिने लागले. टाके पहिल्यासारखेच वाकडे होते. पण दुपारची ओसरी पुन्हा बोलू लागली. शेजारणी येऊन बसू लागल्या.

मंडळी, त्या घराला गोधडीची गरज नव्हती. पण आजींना शिवण्याची गरज होती. म्हाताऱ्या माणसाच्या हातातले काम आपण मायेने काढून घेतो. पण कामाबरोबर त्याचा दिवसही काढून घेतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

४. धंदा निराळा, छंद निराळा

कुणी म्हणेल, "गुरुजी, म्हणजे काम कसेही केले तरी चालते काय?"

तसे नाही. विहिरीचा दोर वळताना पीळ ढिला राहिला आणि दोर तुटला, तर माणसाचा जीव जाईल. बैलाचा कासरा कच्चा असेल तर भर रस्त्यात बैल उधळेल. पैसे घेऊन कपडे शिवले तर ते अंगाला नीट बसलेच पाहिजेत. तिथे चूक चालत नाही. तिथे मापाने आणि जपूनच काम केले पाहिजे.

पण छंदाला गिऱ्हाईक नसते. बैलाच्या गळ्यातला गोंडा थोडा तिरका झाला तर बैल चालायचा थांबत नाही. म्हणून काम हाती घेताना आधी विचारावे, "हे बिघडले तर कुणाचे नुकसान होईल काय?" नुकसान होणार असेल तर जाणत्याकडून शिकून, जपून करावे. नुकसान होणार नसेल तर मोकळ्या मनाने करावे.

आणखी एक गंमत आहे. जो मोकळ्या मनाने करतो तो रोज करतो. जो रोज करतो त्याचा हात आपोआप वळतो. जो भितो, तो करीत नाही. मग त्याचा हात वळणार कसा?

५. करून पाहा: लहान बसकर

पहिल्याच वेळी मोठी गोधडी घेऊ नका. एक हात लांब आणि एक हात रुंद असे बसकर करा. पुरुषांनीही करावे. सुईला बाई-बुवा कळत नाही.

१. जुने सुती कापड धुऊन उन्हात वाळवा.

२. सपाट, झाडलेल्या जमिनीवर एक धड तुकडा पसरा. त्यावर फाटके तुकडे सारखे मांडा. वर दुसरा धड तुकडा घाला.

३. चारी कडा आत दुमडा. कोपऱ्यांवर दगड ठेवा, म्हणजे कापड सरकणार नाही.

४. आधी लांब लांब टाक्यांनी कच्चा दोरा घाला.

५. दोरा हातभरच घ्या. फार लांब घेतला तर गुंता होतो. टोकाला गाठ मारा.

६. कडेने धावदोरा घालायला लागा. चारी बाजूंनी फिरत फिरत आत या. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा. मधोमध पोचलात की बसकर झाले. मग कच्चा दोरा काढून टाका.

ओळ वाकडी गेली तर उसवू नका. पुढची ओळ घाला. टाका सुटला असेल, तर मात्र तिथे पुन्हा टाका घाला. दमलात की थांबा. राहिलेले उद्या करा. उद्यासाठी काही उरले आहे, यातही सुख असते.

६. पाटीवरचे अक्षर

तुम्ही नुकतेच लिहायला शिकला आहात. तुमचे अक्षर अजून वाकडे येते. 'क' पोट फुगवून बसतो. 'श' एका अंगाला कलतो. शेजारच्याचे अक्षर पाहून तुम्ही पाटी झाकता. झाकू नका. वाकड्या अक्षरात लिहिलेले पत्रही मुंबईच्या मुलाला पोचते. तो ते वाचतो, आणि हे आपल्या आईने लिहिले हे त्याला लगेच ओळखू येते.

कठीण शब्द

छंद – आवडीने केलेले काम
आढे – घराच्या छपराचे मधले लाकूड
दुपटे – तान्ह्या बाळाचे पांघरूण
बसकर – बसण्याचे लहान आसन
धावदोरा – सुई खाली-वर करीत घातलेला सरळ टाका

प्रश्न

१. रांगोळी पुसली जाते, तरी बाई ती रोज का काढते?
२. गोधडीने ऊब कशी मिळते?
३. आजींना रग मिळाला. तरी त्यांचे जेवण कमी का झाले?
४. कोणत्या कामात चूक चालत नाही? तुमच्या घरातली दोन कामे सांगा.
५. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला हाताने काय करायला आवडते? विचारा आणि पाटीवर दोन ओळी लिहा. अक्षर वाकडे आले तरी चालेल.