प्रतिपिंडे अधिक, तरी आजार भारी का?

परीक्षेत ज्याचे गुण अधिक त्याची तयारी अधिक, हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला आहे. रोगाच्या बाबतीतही आपण तोच लावतो. रक्तात प्रतिकारक द्रव्ये जितकी विपुल, तितका मनुष्य सुरक्षित, असे आपणांस सहज वाटते. परंतु २०२० साली करोनाच्या साथीत रुग्णांचे रक्त तपासले गेले, तेव्हा हा हिशेब उलटा पडला. जे अत्यवस्थ झाले त्यांच्या रक्तात ही द्रव्ये बहुधा अधिक सापडली आणि ज्यांना साधा खोकलाही झाला नाही त्यांच्या रक्तात कमी. असे का व्हावे, हे विद्यार्थिमित्रांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम या द्रव्यांची ओळख करून घेऊ. त्यांस प्रतिपिंडे म्हणतात. पांढऱ्या पेशींपैकी 'बी' जातीच्या पेशी ती निर्माण करतात. प्रतिपिंड हे एक प्रथिन असून त्याचा आकार गलोलीच्या बेचक्यासारखा असतो. बेचक्याची दोन टोके शत्रूस पकडतात. करोना विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिने असतात व त्यांच्याच साहाय्याने तो आपल्या पेशीस चिकटून आत शिरतो. प्रतिपिंड नेमके त्या काट्याच्या टोकावर जाऊन बसले, तर विषाणूची वाट बंद होते. अन्यत्र चिकटले तर ते अगदीच वाया जाते असे नाही, पण दार मात्र उघडेच राहते. अनोळखी विषाणूविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास एक ते दोन आठवडे लागतात, आणि या आजारात प्रकृती बिघडावयाची तीही बहुधा याच सुमारास. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

चीनमधील चोंगचिंग येथील संशोधकांनी, संसर्ग होऊनही कोणतेच लक्षण न दिसलेल्या ३७ जणांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. लक्षणे असलेल्या रुग्णांच्या तुलनेने त्यांच्यात प्रतिपिंडे कमी होती. इतकेच नव्हे, तर रुग्णालयातून सुटल्यावर सुमारे आठ आठवड्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांच्यापैकी शेकडा ४० जणांत ती आढळण्याइतकीही उरली नव्हती. आजारी पडलेल्यांत हेच प्रमाण शेकडा १३ होते.

यावरून प्रतिपिंडांनीच आजार वाढविला, असा तर्क कोणी करील. पण थोडे थांबावे. मोठा वाडा पेटला तर दुसऱ्या दिवशी अंगणात रिकाम्या घागरींचा खच दिसतो. चुलीपाशी भडकलेला जाळ मात्र एका तांब्यात विझतो. घागरी अधिक म्हणून आग मोठी झाली, असे त्या अंगणात उभा राहून कोण म्हणेल? विषाणू देहात जितका काळ आणि जितक्या संख्येने टिकतो, तितकी 'बी' पेशींना अधिक चेतना मिळते व प्रतिपिंडांचे उत्पादन वाढत जाते. म्हणून रक्तातील मोठा आकडा हा पुष्कळदा लढाई लांबल्याचा पुरावा असतो.

येथे तारखेचे महत्त्व कळते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखविले की, मृत्यू पावलेल्या रुग्णांतही प्रतिपिंडे भरपूर तयार झाली होती, पण उशिरा. लक्षणे दिसू लागल्यापासून १४ दिवसांच्या आत ज्यांच्या रक्तात विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आली, ते बरे होण्याचा संभव अधिक होता. लसीचा लाभही यातूनच उमगतो. लस घेतलेल्याच्या देहात विषाणूच्या आधीच पहारा बसलेला असतो, आणि अशा वेळी प्रतिपिंडांचा आकडा मोठा असणे खरोखरच हिताचे.

ज्यांच्या घरी रुग्ण होता, त्यांना २०२१ च्या उन्हाळ्यातील प्लाझ्मासाठीची धावपळ आठवत असेल. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातील हा द्रव रुग्णास द्यावा, म्हणजे त्यातील प्रतिपिंडे त्याच्या उपयोगी पडतील, ही कल्पना जुनी व प्रतिष्ठित आहे. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये घटसर्प व धनुर्वात यांवर याच मार्गाने काम केले आणि बेरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर या उपचाराची परीक्षा घेतली, तेव्हा प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी शेकडा १९ आणि न मिळालेल्यांपैकी शेकडा १८ जणांचा आजार बळावला किंवा मृत्यू झाला. म्हणजे फरक पडलाच नाही. बहुतेक रुग्णांच्या रक्तात स्वतःची प्रतिपिंडे आधीच आलेली होती. हा निष्कर्ष २०२० सालीच प्रसिद्ध झाला होता, पण उपचारांच्या सरकारी यादीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधल्या काळात किती घरांनी दात्यासाठी दारोदार विनवण्या केल्या, याचे आम्हांस वाईट वाटते.

पुढच्याच महिन्यात ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या प्रयोगाने दुसरी बाजू पुढे आणली. प्रयोगशाळेत तयार केलेली दोन प्रतिपिंडे रुग्णांस दिली असता, ज्यांच्या रक्तात स्वतःची मुळीच नव्हती त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण २८ दिवसांत शेकडा ३० ऐवजी २४ राहिले. ज्यांच्यापाशी ती होती त्यांना काहीच लाभ झाला नाही. २०२१ च्या अखेरीस ओमिक्रॉन या नव्या प्रकाराने आपल्या काट्यांचे रूप पालटले आणि त्याच्यापुढे ही जोडीही निकामी ठरली.

आणखी एक प्रकार आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो. काही माणसांची प्रतिपिंडे घरच्याच माणसांवर शस्त्र धरतात. विषाणू शिरताच पेशी इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. हे काम पहिल्या काही तासांचे आहे. या द्रव्यालाच निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे २०२० मध्ये मरणोन्मुख अवस्थेतील ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांत सापडली, व त्यांपैकी ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांत मात्र असा एकही आढळला नाही. ही प्रतिपिंडे करोनामुळे उपजतात असेही नव्हे. पुढील वर्षीच्या अभ्यासात, संसर्ग न झालेल्या सत्तरीपलीकडच्या माणसांपैकी सुमारे शेकडा ४ जणांच्या रक्तात ती आढळली.