गेटच्या आत सायकल चालवताना

बाळ, उद्यापासून तू साखर कारखान्यात कामाला लागतोयस, तेही ऐन गाळपाच्या हंगामात आणि सायकलवरून. गेटपर्यंतच्या रस्त्याचं मला फारसं काही वाटत नाही. मला घोर आहे तो गेटच्या आतला. बाहेर निदान डावी बाजू-उजवी बाजू असते. यार्डात ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या सगळे जागा मिळेल तसे वळतात, आणि वेग कमी म्हणून सगळेच निर्धास्त असतात. उसानं भरलेली ट्रॉली माणसाच्या चालीनं अंगावर आली तरी हाडांचा चुरा होतो.

यार्डात पळणाऱ्या गाडीपेक्षा उभ्या गाडीला जास्त भ्यायचं. वजनकाट्यासमोर नंबर लावून बसलेला ड्रायव्हर रात्रभर जागा असतो, स्टेअरिंगवर डोकं टेकून डुलकी काढत असतो. पुढची गाडी सरकली की मागचा हॉर्न मारतो. हा दचकून उठतो आणि थेट गिअर टाकतो, आजूबाजूला बघत नाही. म्हणून दोन गाड्यांच्या फटीतून सायकल घालायची नाही. दोन ट्रॉल्यांमधल्या दांड्यावरून सायकल उचलून पलीकडं जाणारे तुला रोज दिसतील. तू वळसा घालून जा. ट्रॉलीच्या सावलीत डबा खायला बसू नकोस, चाकाला सायकल टेकवू नकोस.

पाऊस पडून गेला की काट्याजवळच्या वळणावर चिखलातले माग नीट बघ. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा माग सगळ्यात बाहेर, पहिल्या ट्रॉलीचा त्याच्या आत आणि दुसरीचा त्याहून आत. ट्रॅक्टर तुझ्यापासून चांगला लांबून गेला म्हणून तू वळणाच्या आतल्या बाजूला निवांत उभा राहशील, आणि दुसरी ट्रॉली सरळ तुझ्या पायावर येईल. शिवाय बाजूनं बाहेर आलेला ऊस हँडलला अडकतो आणि सायकलीसकट माणसाला चाकाकडं ओढतो. शेवटचं चाक पुढं जाईपर्यंत लांबच थांब.

घंटीवर विसंबू नकोस. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्यानं लावलेली असतात. ड्रायव्हरनं तुझ्याकडं बघून हात केला, तरच पुढं हो. ट्रकच्या आरशात तुला ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस. केबिनच्या डाव्या अंगाला, अगदी खेटून, तर त्याला काहीच दिसत नाही. रात्रपाळीला पुढं दिवा आणि मागं रिफ्लेक्टर हवाच. समोरून हॅलोजनचा झोत आला की उतर आणि कडेनं सायकल हातात धरून चाल. मळी सांडलेली असेल तिथंही उतरायचं, टायर सटकतं. हेल्मेट घाल, कोणी हसलं तर हसू दे.

कॉलनीतल्या पोरांवर तुझं लक्ष असू दे. क्वार्टर्ससमोर जीप मागं घेताना छोट्या सायकलवरचं पोर आरशात येतच नाही. आधी कोणीतरी खाली उतरून बघावं, मगच गाडी मागं घ्यावी. आणि पोराला धक्का लागून हँडलचं टोक पोटात घुसलं, तर वरून नुसता गोल वळ दिसतो. पोर उठतं, रडतं, परत खेळायला लागतं. आत मात्र यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंड फाटलेलं असू शकतं, आणि पोट दुखायला, उलट्या व्हायला कित्येकदा काही तास जातात. अशा पोराला घरी ठेवून वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

पायावरून चाक गेलं तरी तेच. कातडी वरून शाबूत दिसते, पण खालच्या मांसापासून सुटलेली असते. हळद लावून, चोळून वेळ घालवू नये. डोक्याला किंवा मानेला मार असेल तर हातपाय धरून उचलू नका. १०८ ला फोन करा, आणि तोवर यार्डातल्या गाड्या थांबवा.

नंतर चार मोठी माणसं जमतील आणि म्हणतील, आपल्या आवारातली गोष्ट आहे, रस्त्यावरची नाही, पोलिसांत कशाला जायचं? त्यांचं ऐकू नकोस. भारतीय न्याय संहितेतलं बेदरकार वाहन चालवण्याचं २८१ कलम सार्वजनिक रस्त्यापुरतं आहे, हे खरं. पण निष्काळजीपणानं दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करण्याचं १२५ कलम जागा विचारत नाही. दवाखान्यात केसपेपरवर ‘सायकलवरून पडला’ एवढंच लिहून घेऊ देऊ नकोस. कुठल्या वाहनानं धडक दिली, त्याचा नंबर, यार्डातली नेमकी जागा आणि वेळ हे सगळं डॉक्टरांना पहिल्याच वेळी सांग. पोलीस पंचनामा करेपर्यंत वाकलेली सायकल कोणाला हलवू देऊ नकोस, आणि हलवावीच लागली तर आधी मोबाइलवर फोटो काढून ठेव.