तासाची मजुरी ठरविताना

ब्रिटनमध्ये गॅस इंजिनियरचा स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या एका कोकणी तरुणाने विचारले, "मौलाना, मी तासाला चाळीस पौंड घेतो. काम वीस मिनिटांत झाले तरी पहिला तास पूर्ण धरतो. उरलेल्या चाळीस मिनिटांचे पैसे हलाल आहेत काय?"

सूरह कससमध्ये (28:26-27) हजरत मूसा (अ.) यांना कामावर ठेवल्याचा प्रसंग आहे. तेथे मुदत आधीच बोलली गेली: आठ वर्षे बंधनकारक, दहा पूर्ण केली तर ती मूसांची मर्जी. योग्य कामगाराचे गुणही दोनच सांगितले आहेत, समर्थ असणे आणि विश्वासू असणे. फिक्हमधील 'इजारा' याच पायावर उभा आहे. मोबदला अज्ञात राहिला तर करार सदोष ठरतो. म्हणून किमान एक तासाची आकारणी घरात पाऊल टाकण्यापूर्वी सांगितली असेल आणि ग्राहकाने मान्य केली असेल, तर ती रक्कम हलाल आहे. पान्हा हातात घेतल्यावर सांगितली, तर ती अडवणूक होय.

मग दर किती असावा? मदीनेत भाव चढले तेव्हा लोकांनी भाव बांधून देण्याची विनंती केली, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती स्वीकारली नाही. दर उभयतांच्या राजीखुशीवर सोडलेला आहे. तथापि राजीखुशीला हिशेब लागतो. समजा, वर्षात सेहेचाळीस आठवडे काम आहे आणि आठवड्यात पंचवीस तासच पैसे देणारे आहेत; बाकीचा वेळ प्रवास, सुटे भाग आणणे व हिशेब लिहिणे यांत जातो. म्हणजे 1150 तास झाले. घरखर्च व कर मिळून 34,000 पौंड आणि व्हॅन, विमा, 'गॅस सेफ रजिस्टर'चे वार्षिक शुल्क, धूरवायू तपासण्याचे यंत्र यांसाठी 12,000 पौंड धरले, तर तासाला बरोबर चाळीस पौंड पडतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले मांडावेत.

स्वस्त दर म्हणजे पुण्य, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. (मशिदीच्या नळदुरुस्तीला आलेल्या कारागिराशी घासाघीस करताना मलाही वाटले होते!) परंतु तेथील नियमांनुसार गॅस उपकरणावर काम केल्यानंतर धूर बाहेर जाण्याची वाट, हवेचा पुरवठा, गॅसचा दाब आणि उपकरणाची सुरक्षित चाल तपासावी लागते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; घरातील मंडळी झोपेतच दगावू शकतात. ज्या दरात ही तपासणी परवडत नाही, तो दर घेणारा अखेरीस तीच टाळतो. ही अमानतीतील खियानत आहे. आणि ती दया म्हणून खपते, हे अधिक वाईट.

दुसरी बाजूही आहे. दोष चुकीचा ओळखला, नको तो भाग बसविला, पुन्हा काढला. ते दोन तास ग्राहकाच्या माथी मारता येत नाहीत. ग्राहक घड्याळ पाहतो, पण आतले बिघाड त्याला कळत नाहीत. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात खोट करणाऱ्यांना जो इशारा आहे, तो तासाच्या मापालाही लागू होतो.

शेवटी त्या तरुणाने एका वृद्ध विधवेविषयी विचारले. तिच्याकडून पूर्ण दर घेणे त्याच्या जिवावर येते. मी म्हटले, पावतीवर पूर्ण दर लिहा, खाली सूट दाखवा, आणि तपासणी मात्र पूर्ण करा.