कायमचं घर: माहेरचं, सासरचं की कागदावरचं?



फॉर्मवर 'कायमचा पत्ता' आला की आपला पेन अडतो. माहेरचा लिहू की सासरचा? म्हणून या महिन्याच्या अभ्यासाला 'अधिवास' हा शब्द घेतलाय.

माणूस जिथं राहतो आणि तिथंच कायम राहायचा ज्याचा विचार आहे, तो त्याचा अधिवास. दोन्ही गोष्टी लागतात. ऊसतोडीला सहा महिने कर्नाटकात गेलं म्हणून घर बदलत नाही. मतदार यादीचा १९५० चा कायदाही हेच सांगतो: तात्पुरतं बाहेर गेल्यानं राहण्याचं ठिकाण सुटत नाही. आणि गावात नुसतं घर नावावर आहे, एवढ्यावर तिथलं रहिवासी होता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात म्हटलं, की देशात अधिवास एकच, भारताचा. आपल्याला तहसीलमधून मिळतो तो दाखला खरं तर महाराष्ट्रातल्या रहिवासाचा. त्याला साधारण १५ वर्षांचा पुरावा मागतात.

इथंच सुनांची अडचण होते. लग्न होऊन तेलंगणातून आलेल्या सुनेनं १५ वर्षं कुठून आणायची? १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात तर बायकोचा अधिवास नवऱ्याच्या मागं चालतो. तो भाग हिंदू, मुस्लिम, बौद्धांना लागू नाही, पण विचार सगळीकडे मुरलाय. लाडकी बहीण योजनेत २०२४ ला परराज्यातल्या बहिणींसाठी नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालवलं. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण नवऱ्यानं टाकलेल्या ताईनं त्याचा कागद कसा मागायचा? मला हे पटत नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. सून आली की पहिल्याच वर्षी विवाह नोंदणी करा, रेशनकार्डात आणि मतदार यादीत तिचं नाव घाला. माहेरचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला तिच्याच पेटीत राहू द्या. जुनं रेशनकार्ड फाटलं तरी फेकू नका, त्यावरची तारीख कामाची असते.

ज्या गटांनी उत्पादक कंपनी काढलीय त्यांच्यासाठी थोडं. कंपनीचं कायद्यातलं घर म्हणजे नोंदणीकृत कार्यालय. स्थापनेपासून ३० दिवसांत ते असावं लागतं, बाहेर नाव-पत्त्याची पाटी लागते. जागा बदलली तर ३० दिवसांत कळवायचं. सरकारी नोटीस त्याच पत्त्यावर येते, अध्यक्षताईंच्या घरी नाही.

पुढच्या बैठकीला रेशनकार्ड घेऊन या. कोणत्या सुनेचं नाव राहिलंय ते तिथंच बघू.