जबड्याच्या सांध्याचे विकार : निदान व उपचार

दाढ दुखते म्हणून दंतविभागात येणाऱ्या काही रुग्णांची दाढ तपासणीत निरोगी आढळते. वेदनेचे मूळ असते कानापुढील जबड्याच्या सांध्यात किंवा तो हलविणाऱ्या स्नायूंत. हे वेळीच ओळखले नाही, तर निरोगी दात गमवावा लागतो आणि दुखणे तसेच राहते. म्हणून या विकाराची माहिती कुटुंबीयांनाही असणे अगत्याचे आहे.

रचना : कानापुढे बोट ठेवून तोंड उघडल्यास या सांध्याची हालचाल जाणवते. खालच्या जबड्याचा गोलसर शिरोभाग आणि कवटीचे हाड यांच्यामध्ये एक लवचिक चकती असते. ती जागेवरून सरकल्यास तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो. वेदना नसेल व तोंड नीट उघडत असेल, तर केवळ आवाजासाठी उपचारांची गरज नसते.

निदान : निदानाचा पाया म्हणजे रुग्णाची हकीकत व हाताने केलेली तपासणी. घास चावताना किंवा जांभई देताना दुखते का, झोपेत दात खाण्याची सवय आहे का, हे विचारले जाते. सांधा व स्नायू दाबून पाहतात आणि तोंड किती उघडते ते मोजतात. प्रौढांमध्ये समोरच्या दातांतील हे अंतर साधारणतः ४० ते ५० मिलिमीटर असते. गरजेनुसार क्ष-किरण चित्र आणि चकतीच्या तपासणीसाठी एम.आर.आय. काढतात. सुपारी व गुटख्याच्या सेवनानेही तोंड उघडणे कमी होते. मात्र त्यात गालाचे आतील अस्तर पांढरट व ताठर होते. पुढे कर्करोगाचा धोका असल्याने हा भेद करणे अत्यावश्यक ठरते.

उपचार : १९३४ मध्ये अमेरिकेतील डॉ. जेम्स कॉस्टेन यांनी या दुखण्याचा संबंध दाढा नसण्याशी व दातांच्या ठेवणीशी जोडला. त्यामुळे पुढे दीर्घकाळ दात घासून ठेवण बदलण्यावर भर राहिला. आज मात्र पूर्ववत करता येतील असेच उपचार प्रथम केले जातात : मऊ आहार, ऊनऊन शेक, जबड्याचे व्यायाम, थोडे दिवस वेदनाशामक औषध आणि आवश्यक असल्यास रात्री दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी. बहुसंख्य रुग्णांना एवढ्याने आराम पडतो. न पडल्यास सुईद्वारे सांधा धुण्याची पद्धत आहे; शस्त्रक्रिया मोजक्याच रुग्णांना लागते.

बालकांबाबत दक्षता : मूल हनुवटीवर पडले, की बाहेरची जखम लहान दिसते, पण आत सांध्याजवळचे हाड मोडलेले असू शकते. दुर्लक्ष झाल्यास सांधा जखडतो, तोंड उघडत नाही आणि जबड्याची वाढ खुंटते. मग शस्त्रक्रियेवाचून पर्याय उरत नाही. अशा मुलास त्वरित तपासणीस आणावे.

या विकारात महागड्या यंत्रांपेक्षा रुग्णाचे म्हणणे शांतपणे ऐकण्यास वेळ अधिक लागतो. तो वेळ प्रत्येक गरजू रुग्णाला मिळावा, यासाठीच दात्यांचे साहाय्य मोलाचे आहे.